महाग चढाईपटू, स्वस्त चढाईपटू

९ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या हंगामाचा लिलाव सुरू झाला. हांगझौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या अंतिम सामन्याला तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. त्या सामन्यात भारताने इराणला ३३-२९ असं हरवलं होतं, तेही अखेरच्या मिनिटांतल्या एका चढाईवरून वाद होऊन खेळ बराच वेळ थांबल्यावर. त्या दिवशी समोरासमोर असलेले दोन गडी आता एकाच यादीत होते: भारताचा कर्णधार पवन सेहरावत आणि इराणचा मोहम्मदरझा शादलुई. पवनला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. शादलुईसाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले.

प्रत्येक संघाची थैली होती पाच कोटींची. म्हणजे टायटन्सने निम्म्याहून जास्त पैसा एकाच चढाईपटूवर लावला, तर पुण्याने निम्म्याच्या जरा आत राहून तो एका बचावपटूवर लावला.

पाच महिन्यांनी हिशेब समोर आला. टायटन्सने साखळीतल्या २२ सामन्यांपैकी फक्त दोन जिंकले आणि तळ गाठला. पुण्याने १७ जिंकले, तीन बरोबरीत सोडवले आणि दोनच गमावले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पलटणने पहिल्यांदा चषक उचलला.

मग पवन वाईट खेळला का? अजिबात नाही. त्याने त्या हंगामात चढाईत दोनशेहून अधिक गुण केले आणि लीगमधला आपला एक हजार चढाई गुणांचा टप्पाही ओलांडला. टायटन्सचा कोणीही समर्थक तुम्हाला सांगेल, की पवन नसता तर ते दोन विजयही मिळाले नसते. गडी खेळला, गुण आले, तरी संघ बुडाला. अशा खरेदीला चांगली म्हणायचं की वाईट? नव्याने घेतलेल्या खेळाडूचं मोल करायचं कसं, हा या प्रकरणाचा विषय आहे. उत्तराची सुरुवात लिलावाच्या हातोड्यापासून होत नाही. ती गुणफलकावरच्या एका गुणापासून होते.

सगळे गुण सारखे नसतात

कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. त्याच्या अर्ध्या भागात सात जण उभे असतात आणि चढाई करणारा एकटा आत शिरतो. त्याच्याकडे ३० सेकंद असतात. तेवढ्यात निदान रेषा ओलांडायची, जमलं तर कोणाला तरी हात किंवा पाय लावायचा आणि जिवंत परत यायचं.

आता दोन चढाया बघा. पहिल्यात चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली, मागचा पाय हवेत ठेवला आणि परत आला. गुण एक. दुसऱ्यात त्याने डाव्या कोपऱ्यावरच्या गड्याच्या मनगटाला बोटं लावली आणि मध्यरेषेवर झेप घेतली. गुण एक. फलकावर दोन्हींची नोंद सारखीच होते. मैदानावर मात्र फरक मोठा आहे. बोनसने समोरचा कोणीही बाद होत नाही आणि आपला बाद झालेला गडीही उठत नाही. हात लावून मिळवलेल्या गुणाने समोरचा एक बाहेर जातो आणि आपला एक आत येतो. समोर सात आणि आपल्याकडे पाच असतील, तर त्या एका स्पर्शाने सहा-सहा अशी बरोबरी होते. शिवाय समोर निदान सहा गडी असतील तरच बोनस मिळतो. म्हणून ज्याचे बहुतेक गुण बोनसचे आहेत, तो चढाईपटू डावाच्या सुरुवातीला कामाचा आणि समोर चार गडी उरले की निरुपयोगी, असं होऊ शकतं.

उठण्यालाही क्रम असतो. जो आधी बाद झाला तो आधी उठतो. समजा, तुमचा मुख्य चढाईपटू बाद झाला तेव्हा त्याच्या आधी दोघे बाहेर बसलेले होते. तर तो परत यायला तीन गुण लागणार. ते तीन गुण कोण आणणार? दुसरा चढाईपटू आणि पकड करणारे. मुख्य चढाईपटू किती वेळ मैदानावर असतो, हे त्याच्या स्वतःच्या हातात जेवढं आहे, तेवढंच इतरांच्या हातात आहे. महागडा गडी १२ मिनिटं बाकावर बसून राहतो, तेव्हा त्याचा दोष शोधताना आधी हा क्रम बघावा.

बाद होण्याचीही किंमत ठरलेली नाही. समोर सात असताना पकड झाली, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण. समोर तीन किंवा त्याहून कमी असताना पकड झाली, तर ती अव्वल पकड आणि गुण दोन. समोरचा अख्खा संघ बाद करून लोण चढवायच्या घाईत चढाईपटू तिघांच्या जाळ्यात शिरतो आणि अडकतो, तेव्हा दोन गुण जातात आणि लोणाचे दोन गुणही लांबणीवर पडतात. टीव्हीवर त्या वेळी समालोचक पकड करणाऱ्याचं कौतुक करत असतो. चढाईपटूच्या खात्यात या नुकसानाची वेगळी नोंद होत नाही.

गुण किती, आणि कितीला पडले

समजा, एका सामन्यात ‘अ’ने २० चढाया केल्या, दहा गुण आणले आणि सहा वेळा बाद झाला. दहा गुण झाले की त्याला ‘सुपर टेन’ म्हणतात. फलकावर त्याचं छायाचित्र झळकतं आणि दुसऱ्या दिवशी बातमीत नाव येतं. ‘ब’ने १२ चढाया केल्या, सात गुण आणले आणि एकदाच बाद झाला. त्याची बातमी होत नाही.

वजाबाकी करा. ‘अ’ने दहा आणले आणि निदान सहा दिले. ‘ब’ने सात आणले आणि एक दिला. ‘अ’ चारने वर, ‘ब’ सहाने. शिवाय ‘अ’ सहा वेळा बाहेर बसला. त्या काळात संघ एका गड्याने आणि मुख्य चढाईपटूने कमी होता. लिलावात मात्र ‘अ’साठी बोली चढते, कारण त्याचे आकडे मोठे दिसतात.

आकडे मोठे दिसण्याचं आणखी एक साधं कारण असतं. ज्या संघात दुसरा धड चढाईपटू नाही, तिथे पहिल्यालाच सगळ्या चढाया कराव्या लागतात. चढाया जास्त म्हणून गुण जास्त. तोच गडी चांगल्या संघात गेला, की चढाया वाटल्या जातात आणि गुण घटतात. मग चाहते म्हणतात, ‘पैसे मिळाले आणि खेळ विसरला.’ वास्तविक तो आधीपेक्षा नेमका खेळत असू शकतो.

म्हणून एकूण गुणांपेक्षा तीन गोष्टी आधी बघाव्या. दर चढाईमागे गुण किती? शंभर चढायांत बाद किती वेळा? आणि तिसऱ्या चढाईला काय होतं? सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. समोरच्यांना हे माहीत असतं. ते पुढे येत नाहीत, साखळी करून मागे थांबतात आणि त्याला आत ओढतात. इथे पळ काढायची सोय नसते. ज्याचा तिसऱ्या चढाईतला यशाचा वाटा त्याच्या एरवीच्या वाट्याच्या जवळपास राहतो, तो खरा कसलेला. ज्याचा निम्म्यावर येतो, त्याचे बाकीचे गुण सैल वेळी आलेले असतात: सामना हातचा गेल्यावर, किंवा समोरचे दमल्यावर.

रिकामी चढाईही नेहमी वाया गेलेली नसते. तीन गुणांची आघाडी आहे, दोन मिनिटं उरली आहेत, अशा वेळी ३० सेकंद खाऊन अंगाला हात न लावू देता परतणारा गडी सामना जिंकून देतो. त्याच्या नावापुढे शून्य दिसतं, एवढंच.

सिद्धार्थ देसाई: भाव चौपट, गुण तेवढेच

मराठी वाचकाच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या, म्हणजे सहाव्या हंगामाच्या, लिलावात यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांना मिळाला. लीगमधला त्याचा तो पहिलाच हंगाम. उंचापुरा, ताकदीचा गडी. पाठीवर दोघे घेऊन मध्यरेषेपर्यंत ओढत जायचा. त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण केले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना उचललं. त्या हंगामात त्याने २२ सामन्यांत २१७ गुण केले.

भाव जवळपास चौपट झाला, गुण जागच्या जागी राहिले. मुंबा सहाव्या हंगामात बाद फेरीत गेली होती. टायटन्स सातव्या हंगामात तळाच्या संघांत राहिले.

यात देसाईची चूक शोधायला गेलात तर फार काही हाती लागत नाही. सामन्यामागे दहा गुणांच्या आसपास देणारा गडी त्यांना हवा होता आणि तसाच मिळाला. फरक मागे उभ्या असलेल्या माणसांत होता. मुंबईत त्याच्या मागे डाव्या कोपऱ्यावर फझल अत्राचली होता, त्या काळातला लीगमधला सर्वात धूर्त बचावपटू. देसाई बाद झाला तरी फझलची पकड त्याला लवकर उठवायची. अशा संघात चढाईपटू धोका पत्करू शकतो, कारण त्याच्या चुकीची भरपाई करणारा कोणीतरी असतो.

त्यानंतर आठव्या हंगामात खांद्याच्या दुखापतीने देसाई सुरुवातीलाच बाहेर गेला. ताकदीवर खेळणाऱ्या चढाईपटूचा खांदा, कमर आणि गुडघा हेच त्याचं भांडवल असतं, आणि ते दर सामन्याला खर्च होत असतं. दोघातिघांना ओढून नेणारी चढाई टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवतात. खरेदी करणाऱ्याने ती बघताना मोजायला हवं, की असं ओढणं याला हंगामात किती वेळा करावं लागलं.

विकणाराही जिंकतो

प्रदीप नरवालचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. पाटणा पायरेट्ससाठी त्याने पाचव्या हंगामात ३६९ चढाई गुण केले. पाटणा सलग तिसऱ्यांदा विजेता ठरला. सातव्या हंगामात त्याचे गुण पुन्हा तीनशेपार होते, पण पाटणा आठव्या क्रमांकावर राहिला. २०२१ मध्ये पाटण्याने त्याला सोडलं. यूपी योद्धाने १ कोटी ६५ लाख मोजले, तोवरचा विक्रमी भाव. आठव्या हंगामात प्रदीपच्या नावावर १८८ गुण लागले. वाईट नाहीत, पण विक्रमी भावाला साजेसेही नाहीत.

आणि पाटणा? गुणतक्त्यात पहिला. उपांत्य फेरीत त्याने प्रदीपच्याच यूपीला हरवलं आणि अंतिम सामना दबंग दिल्लीकडे फक्त एका गुणाने, ३६-३७ असा गमावला. त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू पाटण्याकडेच होता, लीगमध्ये पहिल्यांदाच उतरलेला शादलुई. एका चढाईपटूवर खर्च होणारा पैसा मोकळा झाला, चढाया तिघा-चौघांत वाटल्या गेल्या आणि पकड मजबूत झाली.

पाटण्याने पुढेही असंच केलं. अकराव्या हंगामात देवांक दलालने त्यांच्यासाठी ३०१ चढाई गुण केले. तो पुढच्या लिलावात २ कोटी २० लाख ५० हजारांना बंगाल वॉरियर्सकडे गेला. त्याच्या जोडीला खेळलेला तरुण अयान लोहचब पाटण्यातच राहिला आणि बाराव्या हंगामात त्याने तीनशेचा आकडा पार केला. आदल्या वर्षी लोकांच्या नजरा देवांकवर होत्या, तेव्हा अयान दुसऱ्या बाजूने शिकत होता.

असं फक्त कबड्डीतच होतं असं नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये ‘वाइड रिसीव्हर’ नावाची जागा असते. मैदानाच्या कडेने ठरलेल्या वाटेने धावायचं, पाठीमागच्या रक्षकाला चकवायचं आणि क्वार्टरबॅकने लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, हे त्याचं काम. कॅन्सस सिटी चीफ्सचा टायरीक हिल हा या जागेवरच्या सर्वात वेगवान खेळाडूंपैकी एक मानला जायचा. मार्च २०२२ मध्ये चीफ्सने त्याला मायामी डॉल्फिन्सला दिला आणि बदल्यात नवे खेळाडू निवडण्याचे पाच हक्क घेतले. मायामीत हिलने २०२२ मध्ये १,७१० यार्ड आणि २०२३ मध्ये १,७९९ यार्ड झेलांवर मिळवले. पैसे वसूल झाले असं कोणीही म्हणेल. त्याच दोन हंगामांत चीफ्सने लागोपाठ दोनदा सुपर बोल, म्हणजे तिथलं विजेतेपद, जिंकलं.

रिसीव्हरचा झेल अर्धा फेकणाऱ्याचा असतो. त्यामुळे तिथले जाणकार नुसते झेल मोजत नाहीत. किती वेळा तो धावला, किती वेळा मोकळा सुटला, चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला आणि हातात येऊन किती वेळा निसटला, हे सगळं वेगवेगळं मांडतात. मोकळं सुटणं हे त्याचं स्वतःचं. चेंडू येणं हे दुसऱ्याचं. कबड्डीतही हे दोन कप्पे करायला हवेत. हात लावण्याचं कसब चढाईपटूचं, पण त्याला किती चढाया मिळाल्या आणि बाद झाल्यावर किती लवकर उठवलं गेलं, हे संघाचं.

महागडा गडी पडला, आणि मग

पवनची गोष्ट दहाव्या हंगामापासून सुरू होत नाही. नवव्या हंगामासाठी तमिळ थलैवाजने त्याला २ कोटी २६ लाखांच्या घरात घेतलं होतं आणि तेव्हा तो सर्वात महाग खेळाडू होता. पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम संपला.

निम्मी थैली बाकावर बसलेली. थलैवाज कोसळणार असंच सगळ्यांना वाटलं. पण नरेंद्र नावाचा एक नवखा तरुण त्यांच्याकडे होता. चढाया त्याच्याकडे आल्या आणि त्याने हंगामात २४३ गुण केले. थलैवाज इतिहासात पहिल्यांदा बाद फेरीत पोचले आणि उपांत्य सामन्यापर्यंत गेले.

त्या उपांत्य सामन्यात त्यांच्यासमोर पुणेरी पलटण होती, आणि पुण्याचे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे दोन्ही मुख्य चढाईपटू दुखापतीमुळे बाहेर होते. दोन्हीकडचे पहिल्या पसंतीचे चढाईपटू नसताना सामना झाला. पुण्याने तो ३९-३७ असा जिंकला, आणि तो जिंकून दिला पंकज मोहितेने, १६ गुण करून. मोहिते बरीच वर्षं पलटणमध्येच होता आणि अनेकदा बदली म्हणून उतरायचा. पुढच्या वर्षी हैदराबादच्या अंतिम सामन्यात मध्यंतराच्या तोंडावर एकाच चढाईत चार गुण आणून सामन्याचं पारडं फिरवणाराही तोच.

तिसऱ्या क्रमांकाचा चढाईपटू लिलावात कोणाच्या नजरेत भरत नाही. हंगाम दोन-तीन महिने चालतो, आणि पहिला किंवा दुसरा कधी ना कधी पडतोच. नव्या खरेदीचं मोल करताना विचारायचं असतं, की हा आल्याने कोणाच्या चढाया कमी होणार, आणि ज्याच्या कमी होतील तो यापुढे सरावात राहील का.

पुण्याने नेमकं काय विकत घेतलं

दहाव्या हंगामात पुण्याकडे एकही चढाईपटू दोनशे गुणांच्या जवळ नव्हता. अस्लम, मोहित, पंकज आणि नाशिकचा आकाश शिंदे, चौघे मिळून काम वाटून घ्यायचे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अस्लमने हलाखीतून वर येत आठव्या हंगामात नवा तरुण खेळाडू म्हणून पाऊल ठेवलं होतं. दोन वर्षांत तो कर्णधार झाला. अस्लम आणि आकाश दोघेही हांगझौच्या सुवर्णपदक विजेत्या संघात होते.

म्हणजे चढाई पुण्याने बाजारातून आणली नाही, घरी तयार केली. पोरं तरुण असतानाच हेरली, एकत्र वाढवली, आणि एकमेकांच्या हालचाली त्यांच्या अंगवळणी पडल्या. मग जी उणीव होती तीच तेवढी बाजारात जाऊन मोठ्या पैशाने भरली. शादलुईने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण मिळवले. त्याची प्रत्येक पकड म्हणजे बाहेर बसलेला एक चढाईपटू आत. चढाईपटू स्वस्त पडले, कारण बचावपटू महाग घेतला होता. टायटन्सच्या पवनला हीच सोय नव्हती. तो बाहेर गेला की त्याला उठवणारं कोणी नव्हतं.

पुढच्या वर्षी शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीतच हरियाणा विजेता ठरला. त्याच हंगामात अस्लम जायबंदी झाला आणि पलटण बाद फेरीलाही पोचली नाही. बाराव्या हंगामात अस्लम परतला, पलटण पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. तेव्हा चौघांत वाटून खेळण्याची पद्धत भक्कम असली, तरी तिलाही एक आस लागतो हे मान्य करायला हवं.

अंतरवाली सराटीतून बघताना

आता हेच मोजमाप गावपातळीवर लावून बघू. धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्रीजवळ, जालन्याच्या अंबड तालुक्यात अंतरवाली सराटी आहे. २०२३ च्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे या गावाचं नाव राज्यभर गेलं. त्या आंदोलनाच्या मुळाशी नोकरीचाही प्रश्न होता, आणि या पट्ट्यातल्या गावांत कबड्डीही नोकरीपासून फार लांब नाही. राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. त्यामुळे पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारा पोरगा संध्याकाळी मातीत दम घुमवत असतो, ते निव्वळ हौसेपोटी नाही.

अशा पोराला कोट्यवधींच्या लिलावाशी जोडणारी शिडी लांब आहे. आधी गावचं मंडळ, मग तालुका, मग जिल्हा निवड चाचणी, जिल्ह्याकडून राज्य अजिंक्यपद, तिथून महाराष्ट्राचा संघ. निवड चाचणीत एका पोराच्या वाट्याला मोजक्याच चढाया येतात. त्यात मातीवर अनवाणी खेळलेला गडी पहिल्यांदाच बूट घालून मॅटवर उतरलेला असतो. मातीत पाय थोडा घसरतो आणि तो घसरणं वापरून वळायला शिकलेला असतो. मॅटवर बूट जागीच धरतो आणि घोट्याला झटका बसतो. पहिल्या दिवशी तो अडखळणारच. नुसते गुण मोजणारा निवडकर्ता त्याला घरी पाठवील. जाणता निवडकर्ता वेगळं बघेल: आत शिरताना नजर कुठे आहे, कोपऱ्यावरचा गडी पुढे सरकला की हा मागे येतो की बाजूला, पकड बसल्यावर लगेच सोडून देतो की मध्यरेषेच्या दिशेने अंग फेकतो, आणि एकदा बाद झाल्यावरची पुढची चढाई घाबरत करतो का.

गावपातळीवरही खरेदी चालते, फक्त तिला लिलाव म्हणत नाहीत. जत्रेच्या किंवा जयंतीच्या स्पर्धेत मोठं बक्षीस लागलं, की मंडळं बाहेरचा गडी आणतात. जाण्या-येण्याचा खर्च, जेवण आणि वर बिदागी. मग पारावर तोच वाद रंगतो, ‘एवढे पैसे देऊन आणला, केलं काय त्याने?’ हा वाद घालणारे बैल घेताना मात्र कधी नुसता उभा बैल बघून इसार देत नाहीत. चालवून बघतात, खांद्याला जू देऊन बघतात आणि सगळ्यात आधी घरच्या बैलाशी जोड जमते का ते पाहतात. चढाईपटूही जोडीनेच बघायचा असतो. दोघेही एकाच बाजूने चढाई करणारे असतील, तर समोरच्या संघाला एकाच कोपऱ्याची काळजी करावी लागते आणि दुसरा कोपरा मोकळा श्वास घेतो. आणलेला गडी उत्तम असूनही मंडळ हरतं, ते अनेकदा यामुळे. शिवाय मंडळाच्या पोरांना त्याची सवय नसते, ती त्याच्या चढाईकडे बघत राहतात आणि आपली चढाई विसरतात.

निकाल कधी द्यावा

नव्या खरेदीवर पहिल्या चार सामन्यांत शेरा मारण्याची घाई सगळीकडेच असते. चार सामन्यांत एखादा गडी साधारण साठ-सत्तर चढाया करतो, तेही तीन-चार वेगवेगळ्या बचाव फळ्यांपुढे. एवढ्यावरून तिसऱ्या चढाईतलं त्याचं पाणी जोखता येत नाही, कारण तशा चढाया त्यात पाच-दहाच असतील. साखळी निम्मी झाल्यावर चित्र धरायला लागतं. तोवर प्रत्येक संघाने त्याच्या चित्रफिती बघितलेल्या असतात आणि त्याच्या आवडत्या हालचालीवर उतारा काढलेला असतो. उतारा निघाल्यावर त्याने नवं काय आणलं, इथे खरी परीक्षा सुरू होते. पहिल्या हंगामात चमकून दुसऱ्यात विझलेले बहुतेक चढाईपटू याच वळणावर अडखळतात.

पुढच्या लिलावानंतर तुमच्या संघाने कोणाला दोन कोटींना घेतलं अशी बातमी आली, तर त्याचे मागच्या हंगामातले एकूण गुण बाजूला ठेवा. त्यातले बोनसचे किती आणि स्पर्शाचे किती ते बघा. किती चढायांत आणले आणि तो किती वेळा बाद झाला ते बघा. गेल्या संघात त्याला उठवणारे कोण होते आणि तुमच्या संघात कोण आहेत ते बघा. त्याच्यामागे थैलीत किती उरले, आणि त्यात डाव्या कोपऱ्यावरचा चांगला बचावपटू येतो का, हे बघा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो गडी कितीही भारी असो, त्याचे दोनशे गुण होतील आणि तुमचा संघ खालून मोजायची वेळ येईल. टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजून हे शिकून ठेवलंय. तुम्हाला ते फुकट मिळतंय.